मोंढ्यातले थांबणे

विसाव्या शतकाच्या मध्यावरची शहरी वस्ती पाहायची म्हटली की मुंबईकर मरीन ड्राइव्हकडे बोट दाखवतो. तिथल्या गोलाईदार सज्जांच्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि आता लोक नकाशे घेऊन त्या इमारती बघत फिरतात. मराठवाड्यातल्या माणसाने असा प्रश्न विचारला, की आमच्याकडची त्या काळातली वस्ती कोणती आणि तिथे जाऊन करायचे काय, तर बहुतेक वेळा त्याला किल्ला, लेणी, मंदिर किंवा गुरुद्वारा सुचवला जातो. हे सारे थोरच आहे, पण ते विसाव्या शतकाचे नाही. मराठवाड्यातली खरी विसाव्या शतकातली वस्ती म्हणजे मोंढा, शेतमालाची पेठ. नांदेडचा जुना मोंढा, लातूरची गंजगोलाई, परभणी-सेलू-परतूरचे बाजार, आणि नांदेड-सिकंदराबाद लोहमार्गावरचे उमरी. ही वस्ती रेल्वेबरोबर आली, १९३० ते १९६० या तीसेक वर्षांत भरात होती आणि १९७० नंतर तिचा कणा हळूहळू वाकला. तिला आपण बाजार म्हणून ओळखतो, आणि तिथेच तिच्याकडे बघण्यात चूक होते. खरेदी-विक्रीला दिवसातला थोडाच वेळ लागे. उरलेला सगळा वेळ माणसे तिथे थांबून असत. लिलावासाठी, मापासाठी, पैशांसाठी, गाडीसाठी. मोंढ्याभोवतीची वस्ती, तिथली हॉटेले, ओटे, धर्मशाळा, शिंप्यांची दुकाने, वर्तमानपत्रांचे वाचन आणि शेवटी तिथले राजकारण, हे सारे त्या थांबण्यातून उभे राहिले, असे मला वाटते. त्याला पुरावे आहेत आणि त्यावर आक्षेपही आहेत.

आधी उमरीच का, ते सांगतो. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत धावू लागली. मीटरगेजचा हा मार्ग औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड, मुदखेड, उमरी, धर्माबाद असा गोदावरीच्या खोऱ्यातून निजामाबादकडे उतरला. ही नावे ओळीने वाचली तर मराठवाड्यातल्या कापसाच्या आणि धान्याच्या पेठांची यादीच तयार होते. काळी जमीन आणि रेल्वेचे स्टेशन जिथे एकत्र आले तिथे जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली. कापूस वेगळा, सरकी वेगळी, रुईच्या दाबलेल्या गाठी वॅगनमध्ये, आणि वॅगन मनमाडमार्गे मुंबईकडे. नांदेडच्या पट्ट्यातला गावरानी कापूस देशी जातींत लांब आणि तलम धाग्याचा म्हणून नावाजलेला होता, आणि व्यापारात तो ‘उमरी बनी’ या नावाने ओळखला जाई. एका लहान गावाचे नाव कापसाच्या जातीला चिकटावे, ही साधी गोष्ट नाही. मालाला गावाचे नाव मिळते ते गावात तो पिकतो म्हणून नव्हे. आसपासच्या शेकडो खेड्यांचा माल त्या एका ठिकाणी येऊन थांबतो, म्हणून ते नाव पडते. उमरी पिकवणारे गाव होते त्याहून जास्त ते जमवणारे गाव होते.

आता हे थांबणे म्हणजे काय, ते जवळून पाहू. सुगीत शेतकरी रात्री गाडी जुंपून निघे आणि पहाटे मोंढ्यात पोचे. बैल सोडून कडबा टाकायचा आणि आडतीच्या दुकानासमोर माल ओतायचा. मग दुपारपर्यंत काही घडत नसे, कारण खरेदीदार एकेका ढिगापाशी फिरत येत. भाव ठरवण्याची जुनी रीत हत्त्याची होती. आडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसत, दोघांच्या हातांवर धोतराचा सोगा किंवा रुमाल टाकलेला असे, आणि त्या कापडाखाली बोटे दाबून भाव बोलला जाई. एक बोट म्हणजे एक रुपया की एक आणा, हे त्या दोघांनाच ठाऊक. मालाचा धनी हातभर अंतरावर बसलेला असे, आणि त्याच्या वर्षभराच्या कष्टाची किंमत त्याच्या डोळ्यांसमोर पण त्याला न दिसता ठरत असे. भाव ठरला की मापाची पाळी. मापाड्याच्या काट्यापाशी रांग, मग हमालांची वाट, मग मुनिमाची. मुनीम पट्टी करी: आडत, दलाली, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय, गोशाळा असे एकेक वजा होत शेवटचा आकडा पडे. तोवर दिवे लागलेले असत. पैसे हातात पडले तरी रेल्वेने आलेल्याला गाडीची वाट होती आणि बैलगाडीवाल्याला बैलांच्या विसाव्याची. एका गाडीच्या मालामागे दीड-दोन दिवस मोंढ्यात जात. सुगीच्या महिन्यांत अशा शेकडो माणसांना कामाशिवाय पण काहीतरी अपेक्षेने एका जागी बसून राहावे लागे, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या हातात वर्षातून याच दिवशी रोख पैसा येणार असे. आसपासच्या वस्तीची घडण या दोन गोष्टींनी ठरवली.

थांबण्याला आणखी एक कारण होते, ते हिशेबाचे. हे कारण मराठवाड्याचे खास, मुंबई इलाख्यातल्या शेतकऱ्याला ते भोगावे लागले नाही. मराठवाडा ज्यात होता त्या निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे चलन होते. लोक त्याला हाली म्हणत आणि ब्रिटिश रुपयाला कलदार. सरकारी दर असा, की ६ कलदार रुपयांना ७ हाली. म्हणजे शंभर रुपये कलदार झाले ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. मुंबईचा भाव तारेने कलदारात येई आणि शेतकऱ्याला पैसे हालीत मिळत. तारखाही दोन, इंग्रजी आणि फसली. सरकारी कागद उर्दूत, दुकानाची चोपडी मोडीत, मारवाडीत, गुजरातीत किंवा तेलुगूत, आणि बोलणे मराठीत. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आले, तरी हाली नाणे लगेच गेले नाही, ते १९५९ पर्यंत रेंगाळले. त्याच्या आत १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ एप्रिल १९५७ पासून आण्यांच्या जागी नवे पैसे आले आणि एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे झाले. १९५८ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले, आणि चाळीस शेरांचा बंगाली मण ३७ किलो ३२० ग्रॅमचा ठरला. १ मे १९६० ला पुन्हा राज्य बदलले. बारा वर्षांच्या आत एका शेतकऱ्याचे राज्य, नाणे, सुट्टे पैसे, वजन आणि दफ्तराची भाषा हे पाचही बदलले. असा उलथापालथीचा काळ सोसलेल्या माणसाने हे नवे आकडे शिकायचे कुठे? शाळेत तो गेलेला नव्हता. तो शिकला मोंढ्यात, हॉटेलच्या बाकावर, शेजारच्या गाडीवाल्याला विचारत, दोन दुकानांच्या पट्ट्या ताडून बघत. हा शिकण्याचा वेळ त्याला मिळाला तो लिलावाची वाट पाहत बसावे लागले म्हणूनच.

आजूबाजूचे धंदेही पाहा. मोंढ्याच्या वस्तीत काय करायचे, याची त्या काळची यादी सहज करता येते, आणि तिच्यातली प्रत्येक गोष्ट रिकाम्या वेळाची गिऱ्हाईक आहे. चहाच्या दुकानाला आपल्याकडे हॉटेल म्हणतात, ते याच पेठांमुळे रुजले. खेड्यात चहा विकत घेऊन पिणे ही सवयच नव्हती, मोंढ्यात आडत्या शेतकऱ्याला चहा पाजून बसवून ठेवी आणि ती सवय गाडीबरोबर गावाकडे जाई. कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर शिंपी मशीन घेऊन बसे. सकाळी कापड फाडले की संध्याकाळी सदरा तयार, कारण गिऱ्हाईक दिवसभर तिथेच असे. न्हावी, चांभार, गाडीचे चाक धाव बसवून देणारा लोहार, पत्र वाचून दाखवणारा आणि अर्ज लिहून देणारा, हे सगळे एका हाकेच्या अंतरावर. सराफाचे दुकान मोंढ्यालगत असे, कारण सुगीनंतर लग्नसराई येते आणि हातात आलेला पैसा घरी पोचण्याआधी सोन्यात घातलेला बरा, असा हिशेब. रात्री थांबणाऱ्यांसाठी कीर्तन, भजन, सोंगाड्यांचे खेळ आणि पुढे तंबूतले सिनेमे. उमरीपासून जवळच गोरटे आहे, संतकवी दासगणू महाराजांचे गाव, आणि तिकडे जाणाऱ्यांची उतरण्याची जागा उमरीचे स्टेशन. व्यापार, दर्शन आणि करमणूक अशी तीन कामे एका फेरीत उरकायची ही पद्धत गरिबीतून आली होती. फेरी वर्षातून एक-दोनदाच परवडत असे.

माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र राजकारणात आहे. हैदराबाद संस्थानात सभा भरवायला सरकारची आगाऊ परवानगी लागे. त्यासाठीचा गश्ती निशाण ५३ हा हुकूम अनेक वर्षे लोकांच्या मानगुटीवर बसला होता. धार्मिक, शैक्षणिक, वाङ्मयीन कार्यक्रमांवरही नजर असे. अशा राज्यात परवानगीवाचून हजार माणसे एकत्र दिसू शकतील अशा जागा फार थोड्या उरतात: यात्रा, आठवडी बाजार आणि मोंढा. मोंढ्यात जमलेल्या माणसाला कुणी विचारू शकत नव्हते, की तू इथे का बसला आहेस? तो मालापाशी बसला होता. महाराष्ट्र परिषद ही मराठवाड्यातल्या मराठी लोकांची पहिली मोठी राजकीय संघटना. तिची अधिवेशने कुठे भरली ते पाहावे. पहिले १९३७ साली परतूरला, दुसरे १९३८ साली लातूरला आणि तिसरे १९४१ साली उमरीला. पैठण, देवगिरी किंवा आंबेजोगाई यांना या यादीत आधी मान मिळाला असता तर इतिहासाच्या दृष्टीने ते शोभूनही दिसले असते. पण परतूर आणि उमरी एकाच लोहमार्गावरची, लातूर बार्शी लाइट रेल्वेच्या टोकाचे, आणि तिन्ही गावे माल उतरवण्या-चढवण्याची. अधिवेशनाला मंडपाची जागा लागते, उतरायला धर्मशाळा लागते, दोन दिवस माणसे जेवू घालण्याची ऐपत असलेले व्यापारी लागतात, आणि वेळेवर येणारी गाडी लागते. हे सगळे ज्या गावात व्यापारासाठी आधीच मांडलेले होते तिथे परिषद भरली.

आणि मग ३० जानेवारी १९४८. त्याच दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. इकडे पैनगंगेपलीकडच्या उमरखेडच्या कॅम्पातले स्वातंत्र्यसैनिक सीमा ओलांडून उमरीत आले आणि त्यांनी हैदराबाद स्टेट बँकेची तिथली शाखा लुटली. वीस लाखांवर रुपये हाती लागले आणि ते स्टेट काँग्रेसच्या लढ्यासाठी गेले. मुक्तिसंग्रामाच्या हकिकतींत ही मोहीम तिच्या धाडसासाठी सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. रझाकारांच्या अंमलात जिवाची पर्वा न करता केलेले ते काम होते. पण इतिहास लिहिणाऱ्याने एक साधा प्रश्न विचारायला हवा. हैदराबाद स्टेट बँक १९४२ साली सुरू झालेली, म्हणजे तेव्हा सहा वर्षांची. जिल्ह्याचे ठिकाण नसलेल्या, नांदेडच्या सावलीतल्या एवढ्याशा गावात तिच्या तिजोरीत वीस लाख रुपये कुठून आले? उत्तर महिन्यात आहे. जानेवारी म्हणजे कापसाच्या हंगामाचा भर. गाड्या भरून कापूस येत होता, आणि शेतकऱ्याला द्यायची रोकड हंगामात गावातच हवी होती. म्हणजे गावोगावच्या शेतकऱ्यांनी मोंढ्यात आणलेल्या मालाच्या मोबदल्याचा पैसा त्या तिजोरीत जमा होता. धाडस करणाऱ्यांनी उमरी निवडली याचा अर्थ त्यांना या पेठेचे वेळापत्रक ठाऊक होते. बँक कधी भरलेली असते हे मोंढ्याचे ज्ञान आहे. ते ज्याला होते तो दूरच्या कॅम्पात बसूनही उमरीचा माणूस होता.

लातूरच्या गंजगोलाईकडे आता वळतो, कारण थांबण्याचे स्थापत्य इतके स्पष्ट मराठवाड्यात दुसरीकडे दिसत नाही. लातूरला अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १९११ साली आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉपच्या कंपनीची ही छोटी गाडी कुर्डुवाडीला मुख्य लोहमार्गाला मिळे, आणि तिच्यामुळे लातूरच्या बाजाराचा माल निजामी हद्दीतून निघून मुंबईच्या रस्त्याला लागे. त्या वाढत्या बाजारासाठी नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी गोल आखणी केली, आणि मधली मोठी दुमजली इमारत १९४५ साली उभी राहिली. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर, भोवती गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. या रस्त्यांवर एकेका मालाची पेठ: सोने, कापड, भुसार, गूळ, मिरची, पादत्राणे. दिल्लीचे कॅनॉट प्लेस तिच्या दहा-बारा वर्षे आधीचे, तेही वर्तुळाकार. पण ते साहेबांच्या खरेदीसाठी बांधलेले होते आणि गोलाई बैलगाडीच्या वाटा लक्षात घेऊन. चौकोनी बाजारात गाडी आत शिरली की परत फिरवायला त्रास. गोलाईत कुठल्याही वाटेने यावे, वळसा घालावा आणि हव्या त्या वाटेने बाहेर पडावे. आणखी एक गोष्ट तिथे उभे राहिल्यावरच कळते. गोलात कुठेही थांबले तरी समोर दोन-तीन रस्ते तोंड उघडून असतात, त्यामुळे थांबलेल्या माणसाला बाजार दिसत राहतो. भाव कुठे चालला, कुणाचा माल उतरला, कोण कुणाशी बोलते आहे, हे मान वळवली की समजते. माहिती मिळवण्याचे दुसरे साधन नसलेल्या शेतकऱ्याला ही आखणी फार उपयोगाची होती.

यावरचा पहिला आक्षेप गंभीर आहे आणि त्याला आडवळणाने उत्तर देणे बरे नव्हे. शेतकऱ्याचे हे थांबणे म्हणजे त्याची लूट होती, तिला संस्कृती म्हणून गोंजारू नका, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. ज्याचा माल उतरवून झाला आहे, बैल थकले आहेत, घरी सावकाराचा तगादा आहे, त्याला थांबवून ठेवणे म्हणजे त्याला भावात नमवणे. हत्त्याची पद्धत, कडत्याच्या नावाने काढलेले शेरभर धान्य, नमुना म्हणून उचललेल्या ओंजळी, यांची नोंद १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशनने देशभरच्या बाजारांविषयी केली आणि नियंत्रित बाजारांची शिफारस केली. हैदराबाद संस्थानाने १३३९ फसलीत, म्हणजे १९३० च्या सुमारास, आपला कृषी बाजार कायदा केला. त्याच्या पुष्कळ आधी, १८८६ साली, शेजारच्या वऱ्हाडात कारंज्याला देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला होता. म्हणजे उघड्या लिलावाची मागणी जुनी होती आणि ती मान्य व्हायला फार वेळ गेला. त्यात जातीची वाट वेगळी. मोंढ्यात सगळ्यांचा माल एका काट्यावर चढे, पण हॉटेलात सगळ्यांना एका कपात चहा मिळत नसे. पाणवठा वेगळा, ओट्यावर बसण्याची मुभा वेगळी. पाठीवर पोती वाहणारा हमाल त्या वस्तीचा खरा आधार होता आणि त्याला कायद्याचे संरक्षण मिळायला १९६९ चा माथाडी कायदा यावा लागला. धान्य उचलून झाल्यावर धुळीतले दाणे झाडून-चाळून घरी नेणाऱ्या बायांचे नाव कुठल्याही चोपडीत नाही. हे सगळे मान्य करून मी एवढेच म्हणतो, की लूट झाली ती जागा आणि लुटीविरुद्ध माणसे शहाणी झाली ती जागा एकच होती. कापडाखालची बोटे बंद करा, ही मागणी ज्यांनी ती बोटे रोज हातभर अंतरावरून पाहिली त्यांची होती.

दुसरा आक्षेप असा, की मराठवाड्याची जागृती शाळांतून झाली, मोंढ्यातून नव्हे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, आंबेजोगाईचे योगेश्वरी विद्यालय, सेलूचे नूतन, नांदेडचे प्रतिभा निकेतन आणि आर्य समाजाची मंदिरे, इथूनच कार्यकर्ते निघाले. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ स्वतः शिक्षक होते. हे खरेच आहे, कार्यकर्ते शाळांनी दिले. पण शाळा चालते वर्गणीवर, आणि वर्गणी देण्याइतकी रोकड या प्रदेशात फार थोड्यांच्या हातात खेळत होती. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० साली निघाले, लातूरचे दयानंद १९६१ साली. लातूरला त्या कामात व्यापारीच पुढे होते. पट्टीतला ‘धर्मादाय’ हा शब्द शेतकऱ्याला सलत असे, आणि सलणारच. पण त्या पैशाचा एक वाटा शाळा-कॉलेजांच्या भिंतींत गेला, हेही त्याच शेतकऱ्याच्या नातवाने लक्षात ठेवावे. त्याची फी त्याच्या आजाने पट्टीतून आधीच भरलेली होती.

तिसरा आक्षेप लहान आहे. नांदेडसारखी गावे रेल्वेच्या शेकडो वर्षे आधीची आहेत. १७०८ साली गुरू गोविंदसिंग तिथे होते, गोदावरीच्या काठच्या होळी, इतवारा अशा वस्त्या जुन्या. होय. पण जुने नांदेड नदीकडे तोंड करून वसले होते, आणि विसाव्या शतकातले नांदेड स्टेशनकडे वळले. वजिराबाद, मोंढा आणि उस्मानशाही मिल हा त्याचा नवा अक्ष. उमरीला तर असा जुना भूतकाळ सांगायलाही लागत नाही. म्हणूनच ती अभ्यासाला सोपी आहे.

मग हे संपले कसे? लोक म्हणतात मोटारी आल्या, बाजार समित्यांची आवारे गावाबाहेर गेली. ते कारण आहेच. १९६३ चा महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६७ पासून लागू झाला आणि उघडा लिलाव सर्वत्र आला, हे फार चांगले झाले. पण कापसाच्या पेठांना खरा धक्का १९७२ च्या एकाधिकार खरेदी योजनेचा. कापूस विकायचा तर सरकारी केंद्रावरच, असा नियम झाला. भावाची खात्री आली, आडत्याची सत्ता गेली. थांबणे मात्र गेले नाही, उलट वाढले. केंद्रांवर गाड्यांच्या रांगा दिवसेंदिवस हलत नसत. इथे कुणी विचारील, की थांबण्यातूनच वस्ती घडत असेल तर या रांगांतून नवे मोंढे का घडले नाहीत? कारण रांगेतले थांबणे वेगळे. रांगेत नंबर असतो आणि तो सोडून जाता येत नाही. मोंढ्यात माल आडतीच्या ओट्यावर, आडत्याच्या जबाबदारीवर असे आणि माणूस मोकळा. तो दुसऱ्या दुकानात भाव विचारून येई, शिंप्याकडे जाई, वर्तमानपत्र ऐके. मोकळ्या थांबण्याला वस्ती लागते, अडकलेल्या थांबण्याला फक्त कुंपण पुरते. आज ई-नाम या ऑनलाइन बाजारामुळे भाव मोबाइलवर दिसतो, ट्रॅक्टर दोन तासांत माल टाकून परततो. शेतकऱ्याचा वेळ वाचला, याचा मला आनंद आहे आणि जुने दिवस परत यावेत अशी माझी मुळीच इच्छा नाही. फक्त त्या दिवसांनी काय घडवले ते नीट नोंदले जावे.

तेव्हा उमरीला, लातूरला किंवा नांदेडच्या जुन्या मोंढ्यात गेलात तर फक्त नक्षीदार सज्जे शोधू नका. ओटे बघा. त्यांची उंची बैलगाडीच्या साटीइतकी का आहे ते बघा. दगडाची कड पोत्यांच्या घासण्याने आणि बसणाऱ्यांच्या टेकण्याने कुठे गुळगुळीत झाली आहे, त्यावर हात फिरवा. दुकानाच्या आतली गादी, लोडापाठची लाकडी पेटी, छताला लटकलेला जुना काटा, बैलांना पाणी पाजायचा हौद, गाडी बांधायच्या कड्या, धर्मशाळेची दगडी पाटी आणि तिच्यावरची लिपी वाचा. ‘मोंढा’ हा शब्दसुद्धा ऐकत ऐकत जा. पुण्यात तो कुणी वापरत नाही, पण सिकंदराबादचे मोंडा मार्केट आजही त्याच नावाने चालते. एका संस्थानाचा नकाशा त्या एका शब्दात शिल्लक आहे. गोलाईत सकाळी लवकर जा, दुचाक्यांची गर्दी होण्याआधी, आणि मंदिरासमोर उभे राहून सोळा रस्ते मोजा.

एक विनंती मोंढ्याच्या जुन्या घराण्यांना आहे. अनेक आडत दुकानांच्या माळ्यांवर १९३० ते १९६० च्या चोपड्या अजून पडून असतील. रोकड, खतावणी, पट्ट्यांची पुस्तके, हाली-कलदारचे हिशेब, शेराचे किलो करताना मुनिमाने कडेला केलेल्या बेरजा. त्यांत कुठल्या खेड्यातून कोण आले, काय आणले, किती दिवस थांबले आणि काय घेऊन गेले, हे तारीखवार लिहिलेले आहे. सरकारी दफ्तरात मराठवाड्याच्या शेतकऱ्याची इतकी बारीक नोंद मिळणे कठीण. दर दिवाळीला घर झाडताना यांतली थोडी रद्दीत जाते. या दिवाळीला ती देण्याआधी जवळच्या कॉलेजच्या इतिहास विभागाला एक फोन करा.